पिवळ्या पानाचा तालुका

महाराष्ट्रात जळकोट नावाची दोन ठळक गावं आहेत. एक नळदुर्गजवळचं, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बसलेलं. दुसरं आमच्या लातूर जिल्ह्यातलं, उदगीरच्या उत्तरेला बालाघाटच्या माळावर वसलेलं आणि स्वतःच तालुक्याचं ठिकाण असलेलं. पाकिटावर नुसतं 'जळकोट' लिहिलं तर पोस्टमन बिचारा काय करणार? असल्याच घोटाळ्यांवर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात कविता करणारे मराठी गृहस्थ होते. ज्याला श्लोकातलं प्रत्येक अक्षर जागच्या जागी लागतं, त्यालाच सहा आकड्यांत अख्खा देश बसवणं सुचणार. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, कुंडीतल्या लिंबाचं पान पिवळं पडलं की आम्ही जे निदान करतो ते नुसतं 'जळकोट' लिहिलेल्या पाकिटासारखं असतं. 'पान पिवळं पडलंय' एवढ्या पत्त्यावर खत रवाना होतं, औषध रवाना होतं, बादलीभर पाणी रवाना होतं, आणि सगळा माल भलत्याच तालुक्यात जाऊन पडतो.

तसं पाहिलं तर पिवळ्याशी आमचं काही वाकडं नाही. लग्न ठरलं की आधी हळद लागते. लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की माणूस, घोडा आणि गाढव एकाच रंगाचे होतात. शेतात करडई फुलली किंवा सराफाच्या पेटीत पुतळ्या दिसल्या की 'पिवळंधमक' हा शब्द आम्ही कौतुकानंच उच्चारतो. फक्त दोन ठिकाणी पिवळं चालत नाही, डोळ्यात आणि पानात. डोळ्यातल्या पिवळ्याला निदान दवाखाना तरी दाखवला जातो. पानातल्या पिवळ्याला फाटकातून आत येणारा प्रत्येक जण वैद्य. पहिला सांगतो, पाणी कमी पडतंय. दुसरा म्हणतो, मूठभर डीएपी टाका, बघा कसं काळंभोर होतं. तिसऱ्याच्या मते दृष्ट लागली. म्हणजे जे फळ मिरच्यांच्या जोडीनं दारोदार लटकून अख्ख्या बाजारपेठेची दृष्ट काढतं, त्याच्याच झाडाला लागली, आणि आता त्या झाडावरून काय उतरवून टाकायचं हा प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही. चौथी आवाज खाली आणून विचारते, सुनेचा हात लागला का 'त्या' दिवसांत? कुंडीत रोज कोण काय ओततं याची चौकशी होत नाही. पिवळ्या पानाचं खापर फोडायला डोकं लागतं, आणि घरातलं सगळ्यात नवं डोकं सोयीचं पडतं. गंमत अशी की निदानं चार, पण त्यातली जी उपचारापर्यंत पोचतात त्यांचा उपचार एकच असतो: काहीतरी ओता.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जळकोटाकडच्या कुंडीतलं लिंबू उपासमारीनं क्वचितच पिवळं पडतं, ते पाहुणचारानं पिवळं पडतं. हे ऐकून कुणालाही राग यावा, कारण हा जिल्हा पाण्याच्या बाबतीत पाहुणचाराला प्रसिद्ध नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, तिच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं आणि तिचं नाव 'जलदूत' होतं. मेघाला दूत करणारा कालिदास आमच्याकडं जन्मला असता तर त्यानं वॅगनलाच दूत केलं असतं. आता ज्या जिल्ह्यात पाणी आगगाडीनं आलं, त्या जिल्ह्यातलं झाड पाण्यात गुदमरून मरतं, हे म्हणणं वरवर वेडेपणाचं वाटेल. पण टंचाईच्या गावातच हे घडतं. जिथं पाणी मुबलक, तिथं ते नुसतं पाणी असतं. जिथं टँकरची वाट बघितली जाते, तिथं पाणी म्हणजे माया. आल्यागेल्याला आधी तांब्या पुढं करणारी माणसं झाडाला तांब्याशिवाय कसं ठेवतील? त्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांचा एक ठरलेला सोहळा आहे. नळ आला की घरातलं सगळं साठवलेलं पाणी एका रात्रीत 'शिळं' होतं. काल संध्याकाळपर्यंत जे घोट-घोट मोजलं जात होतं, ते सकाळी नळ खळखळताच घागरी, पातेली, पिंप यांतून थेट कुंड्यांत जातं. झाडाच्या पदरी आठ दिवस दुष्काळ आणि नवव्या दिवशी महापूर. गावाच्या नावात 'जळ' आहे. ते पाण्याचं की जळण्याचं, हे कुंडीला त्या-त्या दिवशी कळतं.

तेव्हा ओतण्याआधी पत्ता विचारायचा. पहिला प्रश्न: कुठलं पान? खालचं, जुनं, जून झालेलं, की वरचं, शेंड्याचं, नवतीचं? एवढ्या एका प्रश्नानं निम्मा नकाशा मोकळा होतो, आणि त्याचं कारण झाडाच्या घरगुती व्यवहारात आहे. नत्र म्हणजे झाडाची रोकड. कमी पडली की म्हातारी पानं आपल्याजवळची काढून नव्या पानांना देतात आणि स्वतः पिवळी पडून गळतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फरक इतकाच की तिथं जुन्या पानाचं टोक आणि कडा पिवळ्या होतात आणि देठाशी हिरवी पाचर मारल्यासारखी शिल्लक राहते. लोहाचा कारभार वेगळा. लोह म्हणजे बापानं गावात बांधलेलं घर. पोरगं पुण्यात भाड्याच्या खोलीत दिवस काढत असलं तरी ते घर उचलून त्याला नेऊन देता येत नाही. जुनं पान आपल्या लोहावर बसून हिरवंगार असतं आणि शेंड्याचं कोवळं पान पांढरं पडत जातं. म्हणून खालून पिवळं पडत वर आलं तर झाड उपाशी, आणि वरून पिवळं पडत खाली आलं तर झाडापुढं ताट वाढलेलं आहे पण हात बांधलेले आहेत. एखाद-दुसरं खालचं पान कधीमधी पिवळं होऊन गळलं तर तो रोगच नव्हे. ते वय झालं. लिंबाचं पान जन्मभर टिकत नाही, आणि पिकलं पान गळाल्यावर आपण घरात सुतक पाळत असलो तरी झाड पाळत नाही.

आता शेंड्याचं एक पान तोडून उन्हाकडं धरावं. लोहाच्या कमतरतेचं पान इतकं देखणं असतं की त्याला रोग म्हणायला जीव होत नाही: मधली शीर हिरवी, तिच्यापासून फुटलेल्या उपशिरा हिरव्या, त्यांच्यामधली केसासारखी बारीक जाळीसुद्धा हिरवी, आणि जाळीच्या प्रत्येक चौकटीत फिक्कट पिवळा, जवळजवळ साखरेच्या पाकाचा रंग. तेच पान मधल्या शिरेवर घडी घालून बघावं. उजवी बाजू डाव्या बाजूवर बरोबर बसली, पिवळ्यावर पिवळं आणि हिरव्यावर हिरवं, तर ती अन्नाची तक्रार. घडीच्या दोन बाजू एकमेकींना ओळख दाखवेनात, एकीकडं डाग आणि दुसरीकडं भलतंच, तर मात्र मनात पाल चुकचुकावी. सायला नावाच्या बारीक किडीनं पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाचे डाग असे दोन बाजूंना न जुळणारे असतात, आणि त्याला आजवर औषध नाही. नाव ग्रीनिंग आणि पान पिवळं, हा विनोद माझा नाही. पानं बारकी, अरुंद, शेंड्याला झुबक्यासारखी गोळा झालेली असली तर जस्ताकडं बोट दाखवावं आणि पुढं जावं. आपला मुक्काम लोहापाशी आहे, कारण या भागातल्या कुंडीची वाट बहुतेक वेळा तिथंच येऊन थांबते.

आणि हे दुखणं आम्हाला नवीन नाही, यातच सगळी चेष्टा आहे. उसाचं पान असं पिवळंपांढरं पडलं की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतो. इतकं सुंदर नाव रोगाला देणारी भाषा दुसरी असेल तर दाखवा. लातूर हा सोयाबीनचा जिल्हा. जुलै-ऑगस्टात पावसानं आठ-दहा दिवस झड लावली, वाफसा मोडला, की रानच्या रान शेंड्याकडून पिवळं दिसू लागतं, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येतो: साचलेलं पाणी काढा, वाफसा येऊ द्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा. हा सल्ला जळकोटातल्या शेतकऱ्याला पाठ असतो. वाफसा म्हणजे काय हेही त्याला कुणी सांगायला लागत नाही. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली तर फुटावा, म्हणजे मातीत पाणीही आहे आणि वाराही आहे. वाफसा नसताना तो औत रानात घालणार नाही, पेरणी करणार नाही. पण हाच माणूस संध्याकाळी घरी येऊन पायरीवर बसतो, समोरच्या कुंडीतला चिखल बघतो, त्या चिखलातलं पिवळं लिंबू बघतो आणि आतल्या माणसांना हाक मारतो, 'अगं, झाडाला पाणी घातलं नाही वाटतं आज!' शेताचा बांध ओलांडताना जी अक्कल बरोबर असते, ती अंगणाच्या फाटकाशी चपलांबरोबर बाहेरच राहते.

इथं पहिला आक्षेप येतो तो हुशार माणसाचा. तो म्हणतो, लोह कमी आहे ना, मग घाला लोह. कुंडीत दोन गंजके खिळे खुपसा. हा उपाय इतका लोकप्रिय आहे की कित्येक कुंड्या उकरल्या तर अर्ध्या दाराच्या बिजागऱ्या निघतील. पण जरा हिशेब करू. आमची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली त्यात लोहाची रेलचेल. किलोभर मातीत तीस-चाळीस ग्रॅमच्या खाली लोह क्वचितच असेल. कुंडीत पंधरा किलो माती धरली तर झाडाच्या पायाशी अर्धा किलो लोह पडलेलं आहे. आता गरज बघा. लिंबाच्या किलोभर वाळलेल्या पानांत लोह असतं साधारण शंभर मिलिग्रॅम. कुंडीतल्या पोरसवदा झाडाची सगळी पानं वाळवून तोलली तर शंभर ग्रॅम भरणार नाहीत. म्हणजे त्याला हवं दहा मिलिग्रॅम, मोहरीच्या चार-पाच दाण्यांएवढं. पायाशी अर्धा किलो आणि गरज चार मोहऱ्यांची. अशा झाडाला खिळा देणं म्हणजे धान्याच्या कोठारात कोंडलेल्या उपाशी माणसाला बाहेरून आणखी एक पोतं आत ढकलणं. त्याला हवी आहे चूल. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, या म्हणीत निदान पखाल पाण्याची तरी असते. इथं तर आपण खिळ्यावर खिळा ठोकत बसलो आहोत.

चूल पेटत नाही ती चुन्यामुळं. माळावरच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सहज हाताला लागतात; बोअरचं पाणी त्याच खडकातून झिरपत वर येतं आणि येताना चुना आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. ज्या पाण्यानं बंबाच्या आत पापुद्रा धरतो आणि स्टीलच्या घागरीवर पुसूनही न जाणारा पांढरा पट्टा उमटतो, तेच पाणी कुंडीत जातं. मातीचा सामू एका अंकानं वर चढला की विरघळणारं लोह हजार पटीनं घटतं; सहाचा आठ झाला की हजारदा हजार. झाड अर्थात हातावर हात धरून बसत नाही. मुळं आंबट रस सोडतात, भोवतालचा चिमूटभर चुना नमवतात आणि लोह सोडवून घेतात. म्हणजे लिंबाचं झाडसुद्धा लिंबू पिळल्याशिवाय जेवत नाही. पण वरून रोज तांब्याभर चुन्याची निवळी पडत राहिली तर बिचाऱ्यानं किती पिळावं? त्यात आमची पुण्यकर्मं वेगळीच. आर.ओ. मशीनमधून बाजूला पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडाला: म्हणजे माणसानं गोडं पाणी पिऊन सगळे क्षार झाडाच्या नावावर केले. कपडे धुतलेलं साबणसोड्याचं पाणी झाडाला. 'कॅल्शियम मिळतं' म्हणून अंड्याची टरफलं झाडाला. चुनखडीच्या रानात चुना वाहून नेणारा हा उपाय दुष्काळात तेरावा महिना आहे. आणि ते मूठभर डीएपी! त्यातलं स्फुरद जास्त झालं तर लोह आणि जस्त दोन्ही आणखी अडकून पडतात. झाडाला येणारा प्रत्येक आहेर त्याच्या फासाला एक पीळ घालतो, आणि आहेर देणारा प्रत्येक जण मनापासून देतो. जाता जाता एक गैरसमज: पानाच्या हिरव्या रंगद्रव्यात लोह नसतंच, त्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. लोह लागतं ते रंगद्रव्य घडवायला. भिंतीत गवंडी नसतो, पण गवंडी आला नाही तर भिंत उभी राहत नाही, तसं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा वजनदार आहे. शेतात याच मातीत, याच पाण्यावर लिंबाच्या बागा आहेत. परभणीच्या विद्यापीठानं कागदी लिंबाचे 'प्रमालिनी' आणि 'विक्रम' हे वाण दिले ते काही काश्मीरसाठी नव्हे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मग कुंडीतच काय बिघडतं? बिघडतं ते हे की, कुंडी म्हणजे शेताचा लहान तुकडा नव्हे. शेतातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, त्यातून वारा आत जातो. पाण्याला खाली उतरायला मुरूम असतो. कुंडीला सगळी खोली मिळून हातभर. काळी माती ओली झाली की फुगून लोण्याच्या गोळ्यासारखी बसते, वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत दिसतं, आपण समाधान पावतो, आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाठाक. रोप बहुतेक वेळा नर्सरीच्या काळ्या पिशवीतून येतं, कधी थेट आंध्रातल्या कडियमच्या बाजूनं, तांबड्या मातीचा गोळा पायाला बांधून. गोदावरी इकडं नांदेडलाही आहे आणि तिकडं कडियमलाही आहे खरी, पण माती काही नदीमुळं सोयरी होत नाही. तांबड्या गोळ्यातली मुळं भोवतालच्या काळ्या चिखलात पाऊल टाकायला तयार नसतात, आणि झाड वर्षानुवर्षं पाव्हणं म्हणूनच राहतं. राहिली बुडाची खापरं. भोकावर एखादी खापरी ठेवली तर माती वाहून जात नाही, इथवर ठीक. पण निचरा व्हावा म्हणून विटांच्या तुकड्यांचा चार बोटं थर घातला की उलट होतं: बारीक मातीतलं पाणी जाड तुकड्यांत सहजासहजी उतरत नाही, थराच्या वरच थबकतं, आणि चिखलाचा मजला चार बोटं वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. एवढं खापर बुडाशी घालून शेवटी खापर फुटतं ते सुनेच्याच डोक्यावर.

तिसरा आक्षेप ऐन मे महिन्यात घेतला जातो आणि घेणाऱ्याच्या कपाळावरून घाम निथळत असतो: पारा चाळिशीच्या वर गेलेला, सिमेंटच्या गच्चीवर कुंडी, आणि तुम्ही पाणी कमी घाला म्हणता? नाही म्हणत. मेमध्ये उन्हातल्या कुंडीला रोज पाणी लागू शकतं, आणि ते न मिळाल्यानंही पान पिवळं होतं. मी एवढंच म्हणतो की पानाला विचारण्याआधी मातीला विचारा, कारण तहानलेलं आणि गुदमरलेलं झाड लांबून सारखंच दिसतं. दोन्हींची मान खाली. चिखलातल्या मुळाला वारा मिळत नाही, ते कुजतं, आणि कुजलेलं मूळ भरल्या ताटावर पाणी पिऊ शकत नाही. बोटाची दोन पेरं मातीत घालावीत. खाली ओल लागली तर तांब्या परत न्यावा. कुंडी एका बाजूनं किंचित उचलून बघावी; ओली जड, कोरडी हलकी, चार दिवसांत हाताला वजनाची भाषा कळते. भोकाशी नाक नेऊन बघावं. आंबूस, कुजका वास आला तर मुळांनी तक्रार नोंदवलेली आहे. अंगणातच कुणी मोसंबीवाला उभा असेल तर तो वेगळंच हसेल. त्याच्या बागेत बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडून 'ताण' देतात; पानं पिवळी पडून साधारण पाव हिस्सा गळाली की तो खूश होतो, ताण बसला म्हणतो, आणि मग पाणी सोडतो. आपल्या अंगणात ज्या पिवळ्या पानावरून घर हवालदिल होतं, तेच पान त्याच्या बागेत पेढे वाटण्याजोगं. पान तेच, तालुका वेगळा. आणि निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच, जिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिला कुणी तांब्या घेऊन विचारायला जात नाही, तरी ती उभी आहे. किंबहुना म्हणूनच असेल, असं म्हणायचा मोह मी आवरतो, कारण चिंच ही चिंच आणि लिंबू हे लिंबू.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. शे-दीडशे रुपयांच्या रोपासाठी एवढा खटाटोप? नवीन आणावं की. याला उत्तर असं की, २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांच्या पुढं गेलं होतं तेव्हा हाच माणूस कुंडीकडं फार आशेनं बघत होता. आणि दुसरं असं की नवीन रोप त्याच कुंडीत, त्याच चिखलात, त्याच नळाच्या वारापर्यंत जगणार आहे. उपाय मात्र खरोखरच स्वस्त आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्री नावाच्या माणसानं पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून बघितलं, आणि पान हिरवं झालं. मुळाची वाट बंद आहे तर पानाच्या दारानं जायचं, ही ती युक्ती. आपल्याकडं तो क्षार हिराकस नावानं मिळतो. लिटरभर पावसाच्या पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर लिंबूसत्त्व, उन्हं कलल्यावर फवारायचं. पाणी फिकट पोपटी दिसलं पाहिजे. बोअरचं पाणी घेतलं किंवा रात्रभर ठेवलं तर ते चहाच्या रंगाचं होतं, आणि मग तो चहाच. काही दिवसांनी बघितलं तर जिथं-जिथं थेंब टेकले तिथं-तिथं पानावर हिरवी तीट लावल्यासारखे ठिपके उठलेले दिसतात. दृष्टीवाल्यांनाही पटावा असा पुरावा. लिंबूसत्त्व हे १७८४ साली शीले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञानं लिंबाच्याच रसातून वेगळं काढलं, म्हणजे लिंबाच्या झाडावर लिंबाचाच उतारा; उतरवून टाकायला काय घ्यायचं हा मघाचा प्रश्नही सुटला. दुकानातून चिलेटेड लोह आणायचं असेल तर पुडीवरची बारीक अक्षरं वाचावीत: इडीटीए लिहिलेलं चुन्याच्या मातीत हात सोडतं, इडीडीएचए लिहिलेलं धरून ठेवतं, ते महाग आहे आणि पाण्यात जांभळट लाल होतं. पण फवारणी ही मलमपट्टी. मूळ काम कुंडीत आहे: काळी माती कमी करून मुरूम, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत, तांबड्या गोळ्याची बाहेरची मुळं हलक्या हातानं मोकळी करणं, आर.ओ.च्या पाण्याला दुसरी वाट दाखवणं, आणि मृगात पत्र्याच्या पन्हाळीखाली एखादं पिंप लावणं. पिंपातलं ते पाणी 'शिळं' होत नाही, हे घरात समजावणं सगळ्यात अवघड.

यानंतर पंधरा-वीस दिवस काहीच करायचं नसतं, आणि आमच्याकडं त्यालाच सगळ्यात जास्त कष्ट पडतात. ज्या जुन्या पानानं सगळं देऊन टाकलं ते परत हिरवं होत नाही; त्याच्याकडं बघत बसू नये. नजर शेंड्यावर ठेवावी, नवती कुठल्या रंगाची फुटते ते बघावं. मधल्या काळात शेजारचे काका पिवळं पान बघून चुकचुकतील, 'अहो, पाणी घाला की त्याला' म्हणतील आणि स्वतःच आत जाऊन तांब्या भरून आणतील. तो तांब्या त्यांच्या हातातून अगदी आदरानं घ्यावा, तिथंच पायरीवर बसावं आणि पिऊन टाकावा.